समिधा कोणाच्या हाती

विषय : मुलाने कोणती विद्या शिकावी, याबाबत.
संदर्भ : दर वर्षी निकालानंतर पालकांकडून होणारी तोंडी विचारणा.

उपरोक्त विषयी निवेदन असे की, एकदा एक व्यापारी आपल्या मुलाला घेऊन वृद्ध आचार्यांच्या आश्रमात गेला. तिथे अनेक विद्या शिकवल्या जात. नव्या शिष्याने पळसाच्या समिधांची जुडी स्वहस्ते आणावी आणि हवी ती विद्या स्वमुखाने मागावी, असा तिथला रिवाज होता. मुलाला ओझे नको म्हणून जुडी व्यापाऱ्यानेच आणली होती. ती तो सारखी या हातातून त्या हातात घेत होता.

“काय शिकायचं आहे?” आचार्यांनी मुलाला विचारले.

“न्यायशास्त्र,” व्यापारी म्हणाला. “दरबारात वाद घालील असा आमच्या घराण्यात कोणी झाला नाही. हा वादात कधीच हरलेला नाही.”

ते खरे होते. मुलगा वादात कधी बोललाच नव्हता.

“तुला आवड आहे का?”

“आहे, आहे त्याला आवड.”

आचार्यांनी नव्या शिष्यासाठीचे आसन उचलले आणि व्यापाऱ्यापुढे मांडले. “बसा, शेटजी. उद्या पहाटेपासून या. आधी अंगण झाडायचं, मग पाठ.”

“मी? या वयात?”

“समिधा तुमच्या हाती, उत्तरं तुमची, हौसही तुमचीच. मी दुसऱ्या कोणाला शिष्य करू?”

व्यापारी हसला. आणखी कोणी हसत नाही हे पाहून थांबला.

आचार्यांनी मुलापुढे जुडी धरली. “ही कसली लाकडं?”

मुलाने मान खाली घातली. “पांगाऱ्याची.”

“पळसच आहे,” व्यापारी म्हणाला. “तीन तीन पानं, लाल फूल. मी स्वतः तोडलाय.”

“पळसाला काटे नसतात, बाबा.”

व्यापाऱ्याने तळहात पाहिला आणि उपरण्यात लपवला.

“केव्हा ओळखलंस?” आचार्यांनी विचारले.

“बाबा तोडत होते तेव्हाच.”

“आणि वाटभर त्यांना काटे रुतू दिलेस. याला तू आज्ञाधारकपणा म्हणत असशील. यांनी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. अशा दोघांच्या संगनमतातून एक पंडित तयार होतो. त्याला सगळं येतं, आणि त्याचं कशातच मन नसतं. झाडांची विद्याही इथे शिकवतात, बाळ. पण मागणारा स्वतः यावा लागतो.”

परत जाताना दोघे मान वर न करता चालले. वाटेत व्यापारी एका झाडाखाली थांबला.

“हा तरी पळस ना?”

“हो.”

त्याने फांदीकडे हात नेला, मग मागे घेतला. “तूच तोड.”

मुलाने तोडलेली जुडी घरी ओसरीवर वाळत आहे. ती त्याने अद्याप उचललेली नाही; वडिलांनीही ‘जा’ म्हटलेले नाही. आश्रमातील आसन रिकामे ठेवले आहे. मुलाची विनंती प्रलंबित आहे.