ललकारीच्या आधी पोचलेले राजे

मानाजीराजांना दर उन्हाळ्यात थंड हवेचं गाव लागे आणि एकही गाव पसंत पडत नसे. डोंगर छान, पाणी गोड, पण गावं मेलेली, असं ते म्हणत. यंदा त्यांनी कारभारी नरसोपंतांना बजावलं, "जिथे माणसं हसतात-बोलतात असं डोंगरातलं गाव शोधा. नाही जमलं तर कारभार सोडा."

पंतांना दुखणं ठाऊक होतं. राजांच्या पालखीपुढे चोपदार ललकारी देत चाले. ती ऐकली की दुकानं बंद होत, पोरं घरात कोंडली जात आणि मोठी माणसं माना खाली घालून भिंतीला टेकत. पण रिवाज वाडवडिलांचा, त्याला नावं कोण ठेवणार?

पंतांनी चोपदाराला पालखीसकट घाटाखाली थांबवलं आणि राजांना पायवाटेने वर नेलं.

वर बाजार भरला होता. गेल्या साली माना खाली घातलेल्या त्या माणसांनी राजांचा चेहरा पाहिलाच नव्हता. एका म्हातारीने त्यांच्या हातात करवंदांचा द्रोण दिला आणि अंगरख्यावर डाग पाडू नकोस म्हणून दटावलंही. पारावर दोघे भांडत होते, त्यांनी राजांनाच पंच केलं. राजे खूश झाले.

"पंत, इतकं गोड गाव आजवर कुठे लपवलं होतंत?"

"हे सोनजाई, महाराज. गेल्या उन्हाळ्यात आपण इथूनच परत फिरलात."

"शक्य नाही. ते गाव मुकं होतं."

पंत शांतपणे म्हणाले, "तेव्हा आपल्याआधी ललकारी पोचली होती, महाराज. यंदा आपण पोचलात."