न बुडवलेली पिंड

दुपारचं गाव निपचित पडलं होतं. एवढ्यात तुळसा कुंभारणीच्या घरात पातेल्यावर पळी वाजली. टण्ण! समोरच्या माडीवर वाती वळणाऱ्या भामाबाई पाटलिणींचा हात थांबला.

"बसले वाटतं महाराज तिच्याकडे जेवायला," त्या पुटपुटल्या.

श्रावणमास होता. श्रीनिवांतनाथ महाराज बेलसांगवीस नदीकाठच्या देवळात उतरले होते. पाटलांकडून आलेला केशरी भात ते हसतमुखाने पोरांना वाटून टाकीत आणि तुळसेकडची भाकरी-आमटी मात्र मागून खात. पण भामाबाईंना खरं सलत होतं ते निराळंच. आषाढात तुळसेचा तरणा मुलगा पुरात गेला, तरी त्या बाईच्या तोंडावर हा विसावा कसा? आणि आपलं सगळं जागच्या जागी असून रात्री डोळ्याला डोळा नाही!

श्रावणात तिथल्या बायका नदीची माती आणून महादेवाची पिंड घडवीत, तिची पूजा करीत आणि दिवेलागणीच्या आत ती नदीत विरघळवीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा नवी पिंड. तुळसेची पिंड महाराजांनी वाखाणली मात्र, भामाबाईंनी तिला घाटावर गाठलं.

"काय गं, सकाळी घडवायचा नि संध्याकाळी बुडवायचा! तुझा देव तुझ्यासारखाच फुटका. माझा ये बघायला, वर्षभर ठेवणार आहे."

"विसर्जन केलेलं बरं हो, वहिनीसाहेब."

"तुझं शहाणपण तुझ्या चाकापाशी ठेव!"

भामाबाईंची पिंड होतीही देखणी. वर मोत्यांचा सर घातलेला. त्यांनी महाराजांना मुद्दाम पाहायला बोलावलं. महाराज म्हणाले, "सुरेख आहे, माई. पण हिला जाऊ कधी देणार?"

झालं! भामाबाईंचा नुसता जळफळाट झाला. पिंड देव्हाऱ्यातच राहिली, वाळली, तिला भेग गेली. त्याच सुमारास त्यांची धाकटी ठकू तापाने फणफणली. हाका मारल्या तरी पोर डोळे उघडेना. वैद्यबुवांनी मान खाली घातली.

"अगं, बुडव ती पिंड," सासूबाई कळवळून म्हणाल्या. पण भामाबाईंनी ती छातीशीच धरली. हिला सोडलं तर पोरही हातची जाईल, अशी धास्ती त्यांच्या मनाने घेतली होती.

तेवढ्यात महाराज आले. मागे पाण्याची परात घेऊन तुळसा.

"हिला कशाला आणलंत?" भामाबाई किंचाळल्या. "हिचं गेलं, आता माझं जाताना बघायला?"

तुळसेच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. भामाबाई बघतच राहिल्या. "रडतेस? तू?"

"रोज रडते, वहिनीसाहेब. भरून येतं, ओसरतं. मी अडवीत नाही, नि धरूनही ठेवीत नाही."

महाराज हळूच म्हणाले, "माई, इतके दिवस तुमच्या दारी मत्सर येऊन बसला होता. आता भीती आली. हे येणंजाणं ज्याला दिसतं, ते कधी कुठे गेलं का? तिथे जरा टेका. बाकीची माती आहे, तिला पाण्यात जाऊ द्या."

भामाबाईंची बोटं सुटेनात. मग एकेक सुटलं. पिंड परातीत विरघळली, मोती तळाशी गेले. तुळसेने तो गार चिखल ठकूच्या कपाळावर लिंपला आणि महाराजांनी तिच्या मस्तकावर हात ठेवला. काय सांगावी त्या हाताची थोरवी! पोरीच्या ओठावर घाम डवरला आणि अंग निवत गेलं.

भामाबाईंनी महाराजांच्या चरणी लोटांगण घातलं. मग वळून तुळसेच्या मातकट पायांवर डोकं टेकलं.

"अहो, हे काय भलतंच!" तुळसा मागे सरकली.

ठकूने डोळे उघडले. "आई," ती म्हणाली, "मी इतका वेळ कुठं होते गं?"

'ते कधी कुठे गेलं का?' हा मघाचा प्रश्न आठवून भामाबाईंनी महाराजांकडे पाहिलं. महाराजही त्यांच्याच उत्तराची वाट पाहत होते.