म्हाकूचं सात वर्षांचं पथ्य

ज्या काळी माणसं सावली बघून वेळ ओळखत, त्या काळी माळावरच्या एका गावात म्हाकू नावाचा विणकर राहत होता. घोंगड्या विणणं हा त्याचा धंदा. त्याची घोंगडी पांघरली की धो धो पावसातही अंग कोरडं राहतं, असं लोक सांगत.

एका वर्षी म्हाकूचं पोट असं बिघडलं, की घास आत टिकेना. महिनाभर तो अंथरुणाला खिळला. त्याच्या बायकोने, ठकूने, आशाच सोडली होती. तेवढ्यात गावात एक फिरता वैदू आला. त्याने नाडी पाहिली, पोट चाचपलं आणि सांगितलं, "दूध आणि ज्वारीच्या कण्या, एवढंच. पालेभाजी, फळभाजी, शेंग, कंद, काही तोंडात घालायचं नाही. मी परत येईन तेव्हा पुढचं सांगेन."

दूध-कण्यांवर म्हाकू उठून बसला, हिंडूफिरू लागला, पुन्हा विणायला लागला. वैदू मात्र परत आला नाही. एक वर्ष गेलं, चार गेली, सात गेली. म्हाकूने पथ्य मोडलं नाही. सणाला सगळे पंगतीत बसत, तेव्हा तो आपला वाडगा घेऊन ओसरीवर एकटा बसे. घरात मेथीला फोडणी पडली, की उठून बाहेर जाई.

सातवं वर्ष सरता सरता त्याच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. बोटाला झालेली बारीकशी जखम महिना उलटला तरी भरेना. दुपारपर्यंत विणलं, की हात गळून जात.

"दोन घास भाजी खाऊन बघा," ठकू म्हणाली.

"मला अंथरुणावर पाहिलंस ना तू? तरी असं म्हणतेस?"

"पाहिलं, म्हणून भीत भीत म्हणते. पण आताचे तुमचे हातही मीच बघते आहे."

म्हाकूने दूध-कण्यांचाच वाडगा पुढे ओढला. ज्या शब्दांनी जीव वाचला, ते मोडले तर जीवही जाईल, असं त्याला वाटे.

शेवटी ठकू त्याला शेजारच्या गावातल्या भागूआजीकडे घेऊन गेली. आजीला औषधपाण्याचं चांगलं कळत असे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मनाई कुणाला होती रे?"

"मला."

"तुला नव्हे, तुझ्या दुखऱ्या पोटाला. ते पोट केव्हाच बरं झालं."

"पण पुन्हा दुखलं तर?"

"दुखणारच नाही, असं मी म्हणत नाही. दुखलं तर थांब आणि मला येऊन सांग. एका वेळी एकच भाजी, आणि तीही पळीभर."

दुसऱ्या दिवशी ठकूने दुधी मऊ शिजवून त्याच्या वाडग्यात पळीभर वाढला. म्हाकूने डोळे मिटून तो गिळला आणि संध्याकाळपर्यंत पोटावर हात ठेवून कळ येण्याची वाट पाहत पडून राहिला. कळ आली नाही. आठ दिवसांनी लाल भोपळा आला, मग चाकवत, मग राजगिरा.

आता म्हाकूला धीर आला, जरा जास्तच आला. एका जेवणावळीत त्याने तिखटजाळ वांग्याचं भरीत दोनदा मागून घेतलं. घरी येईपर्यंत पोटात मुरडा उठला.

"झालं! उद्यापासून पुन्हा दूध-कण्या," तो कण्हत म्हणाला.

ठकूने त्याला कोमट पाणी दिलं. मग ती शांतपणे म्हणाली, "त्रास भरताने दिला. दुधीने तुमचं काय वाकडं केलं?"

म्हाकूला ते पटलं. दोन दिवस पोटाला आराम देऊन त्याने पुन्हा दुधीच मागितला, पळीभर.

वांगं त्याला पुढेही कधी मानवलं नाही. ते त्याने सोडून दिलं. बाकीच्या भाज्या एकेक करून ताटात आल्या. हिरड्या सुधारल्या, बोटाची जखम भरली, हातांत बळ आलं. पुढच्या सणाला म्हाकू पंगतीत ठकूशेजारी बसला आणि त्याने मेथीची भाजी वाढून घेतली, बेताचीच.

लहानथोरांनो, एवढं ध्यानात असू द्या: आजारपणात घातलेलं बंधन बरं झाल्यावर जाणत्याला विचारून सोडावं, आणि सोडताना घाई करू नये.