फरासिसांच्या बादशहाची थाळी

“…म्हणजे उद्या दुपारी पंगत उठली, की दीडशेच्या दीडशे थाळ्या गावकुसाबाहेर नेऊन फोडायच्या? बाबा, तुम्हीच सांगा, हा काय न्याय झाला?”

केसोपंत जामदार एका दमात बोलले. राजवाड्यातल्या मौल्यवान चीजवस्तू सांभाळणारा हा माणूस. एरवी शब्दसुद्धा कुलूप उघडून बाहेर काढायचा. आज मात्र जमालशाह फकिराच्या तकियात, त्याच्या मठीत, येऊन बसला आणि रडायचाच काय तो बाकी राहिला.

फकीर भाकरी थापत होता.

“फोडा म्हणालं कोण?”

“शास्त्रीबुवा. मातीचं भांडं एकदा उष्टं झालं की टाकायचं, म्हणाले. चिनी माती झाली तरी मातीच ती. धातू असता तर घासून शुद्ध झाला असता.”

“मग वाढू नका त्यांत.”

“न वाढून कसं चालेल? फरासिसांच्या बादशहाची भेट आहे ती. त्याचा वकील उद्या पंगतीला येतोय. अठरा वर्षांत आम्ही त्यांना हातसुद्धा लावला नाही हे कळलं, तर तो केवढा अपमान समजेल! राजेसाहेब म्हणाले, वाढा त्यांत, आणि मग फोडा. झालं!”

“थाळ्या राजाच्या. तुझं काय जातं, पंत?”

पंतांचे डोळे भरून आले.

“अठरा वर्षं गवतात गुंडाळून जपल्या मी. पोटच्या लेकींसारख्या. बाबा, राजेसाहेब तुमचा शब्द खाली पडू देत नाहीत. एकदा म्हणा ना, धुतलं की शुद्ध होतं. किती गुळगुळीत आहेत हो त्या! काही चिकटून राहतच नाही.”

“तुला पटतं हे?”

“शंभरदा पटतं!”

“आणलीयस एखादी?”

पंतांनी शेल्यातून थाळी काढली. निळी कड, तिच्यावर सोन्याची बारीक रेघ, मधोमध गुलाबांचा गुच्छ.

“वा!” फकीर मनापासून म्हणाला. “काय हात आहे कारागिराचा!”

आणि त्यानं तव्यावरची भाकरी उचलून थाळीत टाकली. गुलाबांवर चटणी वाढली आणि खायला बसला.

“अहो! अहो बाबा, हे काय केलंत!”

फकीर सावकाश जेवला. उठून थाळी राखेनं घासली, दोनदा पाण्यातून काढली, कफनीच्या टोकाला पुसली. मग दुसरी भाकरी आणि चटणी तीत वाढून ती पंतांपुढं सरकवली.

“जेव.”

…

केसोपंत सोवळ्याचे भलतेच कडक. घरच्या पंगतीत शेजाऱ्याचं शीत उडून आलं, तरी पान बदलून घेणारे.

“मी? यात?”

“धुतलीय.”

“हो, पण आत्ताच तुम्ही…”

“बरं. मग तो दगड आहे बाहेर. फोड.”

पंतांनी भाकरी-चटणी तव्यावर काढून ठेवली. थाळी घेऊन दगडापाशी गेले. हात वर केला.

…

हात खाली आला, तो थाळीसकट छातीशी. परत येऊन बसले. थाळी पुढं ठेवली. भाकरी पुन्हा तीत घेतली. स्वतःच.

पहिला घास घशाखाली उतरेना. दुसरा कसाबसा उतरला. मग मात्र ते जेवू लागले. काळजीनं कालपासून पोटात अन्नाचा कण नव्हता.

जेवण झाल्यावर त्यांनी थाळी धुतली, शेल्यात गुंडाळली. दारापर्यंत गेले आणि वळले. चेहरा पांढराफटक पडला होता.

“बाबा, तुम्ही येऊ नका दरबारात. मीच सांगतो, धुतलं की शुद्ध होतं. पण शास्त्रीबुवा विचारणारच, की हे कुणी जेवून पाहिलंय का? खरं सांगितलं तर वाळीत टाकतील मला. घरात कुणी पाण्याला विचारणार नाही… काय सांगू त्यांना?”

फकीर चुलीतली लाकडं मागं ओढत होता. त्यानं मान वर केली नाही.

“सांग, चटणीत मीठ कमी होतं.”