शेजारची सीट

एका गावात दस्तगीर नावाचा इंजिन-मिस्त्री होता. पंप, ट्रॅक्टर, फटफटी, काहीही आणा, त्याच्या हाताखालून गेलं की सुरू व्हायचं. हात गुणी, पण जिभेवर सदा एकच शब्द. नट ढिला राहिला, "चालतंय की." जुनाच वायसर बसवला, "चालतंय की." आणि खरंच चालायचंही, त्यामुळे त्याला कोणी काही बोलत नसे.

त्या गावात हेमलताबाई राहायला आल्या. उमेदीच्या काळात त्यांनी कित्येकांना विमान उडवायला शिकवलं होतं. एका बंद पडलेल्या विमान-क्लबातून त्यांनी दोनच माणसं बसतील असं जुनं, हलकं विमान आणलं. त्याचं इंजिन गंजून बसलं होतं. ते त्यांनी दस्तगीरकडे सोपवलं.

दस्तगीरने काम मन लावून केलं, हे कबूल केलं पाहिजे. गंज काढला, अडकलेला पिस्टन सोडवला, झिजलेले भाग बदलले. सगळं जुळवून दोरी ओढताच इंजिन धडधडू लागलं. गाव गोळा झालं, पेढे वाटले गेले. माणसं पांगल्यावर टेबल पुसताना त्याच्या फडक्यात तारेची एक बारीक क्लिप आली. पिस्टनची पिन जागेवर धरून ठेवणारी ती क्लिप आत बसवायची राहून गेली होती. इंजिन पुन्हा खोलायचं, तर चूक गावभर होणार. पेढे खाऊन झाल्यावर अशी शोभा कोणाला हवी? त्याने क्लिप खिशात टाकली.

उड्डाणाच्या सकाळी विमान माळावर उभं राहिलं. बाईंनी विचारलं, "इंजिन ठीक आहे ना?"

"चालतंय की, बाई."

"मग बसा शेजारी. पहिल्या फेरीचा मान तुमचा."

दस्तगीरने एक पाय आत टाकला आणि तो तिथेच थबकला. बाई एकट्या जाणार होत्या तोवर त्याची जीभ अडखळली नव्हती. त्याने पाय मागे घेतला, क्लिप बाईंच्या हातावर ठेवली आणि सगळं सांगितलं.

इंजिन खोललं. तेवढ्याशा चाचणीतही पिन सरकून सिलिंडरला खोल ओरखडा पडला होता.

बाई म्हणाल्या, "रस्त्यात बंद पडलं तर गाडी कडेला घेता येते, दस्तगीरभाई. वर कड कुठली?"

क्लिप विसरली याचं दस्तगीरला फार वाईट वाटलं नाही; माणूस आहे, विसरतो. पण स्वतःचा पाय आत पडेपर्यंत आपण गप्प राहिलो, याची त्याला मनापासून लाज वाटली.

तात्पर्य: ज्या कामावर आपला जीव सोपवायची आपली तयारी नाही, त्यावर दुसऱ्याचा जीव सोपवू नये.