देवीच्या उंबराला चीर

प्राचीन इजिप्तच्या एका राजाच्या कारकिर्दीचे अकरावे वर्ष. उन्हाळ्याचा दुसरा महिना. नाईल नदीकाठच्या एका गावात देवळापुढे एक उंबर होता. आपल्याकडच्या उंबराच्याच कुळातला. त्यात देवी राहते असे लोक मानत. त्याचा चीक जखमेला लावत, फळ पोटाच्या दुखण्यावर देत.

त्या वर्षी झाडाची राखण सेनबीकडे आली. माणूस भाविक होता, आणि ते चारचौघांना दिसावे अशी त्याची फार इच्छा.

तमित नावाची म्हातारी दरवर्षीप्रमाणे सुरी घेऊन झाडावर चढली. कच्च्या फळांना चिरा देणे हे तिचे काम. सेनबी ओरडला, "देवीच्या अंगावर सुरी? उतर खाली, म्हातारे!"

"अरे, चीर दिल्यावाचून हे फळ पिकत नाही."

"देवी पिकवील."

"मग बसा दोघे वाट पाहत." म्हातारी उतरून घरी गेली.

सेनबी रोज झाडाला दूध वाहू लागला. फळे हिरवीच राहिली.

पुढे त्याची आई आजारी पडली. पोट फुगून दगड झाले. पाच दिवस घास उतरेना. वैद्य म्हणाला, "पिकले उंबर मधात कालवून चाटव. नाहीतर तुझी आई जाते."

सेनबी झाडाकडे धावला. फळ फोडले. आत कोरडे, आणि किडे.

तमितच्या परसात तिचा स्वतःचा उंबर होता, चिरा देऊन पिकवलेला. सेनबी तिच्या दारात उभा राहिला.

"का रे? देवीने नाही पिकवली?"

"तमितमावशी, आई जाईल माझी."

तिने टोपलीभर पिकली उंबरे दिली. "उसनी देते. फेडायची ती देवीच्याच झाडाची."

तीन दिवसांनी आई उठून बसली. चौथ्या दिवशी सेनबी सुरी घेऊन देवीच्या झाडावर चढला. खाली तमितसह सगळे गाव बघत होते. नव्या बहराच्या कच्च्या फळाला त्याने पहिली चीर दिली. पांढरा चीक आला. त्याचा हात थांबला.

"मावशी, देवीला दुखत असेल का?"

"ते मला ठाऊक नाही. पिकते, एवढे ठाऊक आहे."

त्याने उरलेल्या सर्व फळांना चिरा दिल्या. चार दिवसांत ती गोड झाली. सेनबीने टोपली भरली आणि तमितच्या दारात नेऊन ठेवली.

तात्पर्य: ज्याला पूज्य मानतो त्याचा स्वभाव आधी जाणून घ्यावा, न जाणता केलेली भक्ती देवाच्याही उपयोगी नाही आणि माणसाच्याही.