‘कट’ म्हटल्यानंतर

“मी कापलेली फिल्म सुरू असताना आजवर एक माणूस खुर्चीतून उठलेला नाही,” रंगा वस्ताद म्हणाले. मग तपकिरीची चिमूट ओढून म्हणाले, “तसा आमच्या तंबू-टॉकीजचा डोअरकीपर बाहेरून दार बांधून घ्यायचा, ते सोड.”

“सोडलं. पण माझी विहीर कुठं गेली?”

इंद्रजित खराडे हसला नाही. कॉलेजच्या सिनेमा वर्गात नाव घातलं त्या दिवसापासूनच त्यानं हसणं सोडलं होतं. दाढी राखली होती, आणि घरच्या मांजराकडंही तो एक डोळा मिटून बघायचा.

फिल्म त्याचीच. छोटीशी. पोरगा विहिरीत उडी मारतो, वर येत नाही, बाप काठावर वाट बघतो. पोरगा झाला होता इंद्रजित स्वतः. बाप झाले होते त्याचे खरेखुरे वडील, गिरणीवाले दौलतआबा. वर्गातले सर म्हणाले, सगळं आहे, धाकधूक तेवढी नाही. म्हणून त्यानं ती फोटो स्टुडिओच्या मागल्या खोलीत वस्तादांकडं आणून टाकली होती. वस्तादांनी हयातभर एडिटिंगच्या टेबलावर सिनेमे कापले होते. आता लग्नाचे व्हिडिओ कापत, आणि रुसलेल्या आत्या त्यातून शिताफीनं उडवत.

“बुडबुडे कुठायत? दोर तुटतो तो शॉट? घार? घारीसाठी मी अख्खी दुपार उताणा पडलो होतो!”

“पाठ शेकून घे.”

“आणि ढोल? ढोलपण काढला?”

“काढला.”

“मग ठेवलंय काय?”

वस्तादांनी बटण दाबलं.

पडद्यावर दौलतआबा. नुसते दौलतआबा, विहिरीच्या काठावर. खाली बघतायत. चेहऱ्यावर हसू आहे. हसू तसंच राहतं... मग कंदिलाची वात कुणी खाली करावी तसं उतरत जातं. ते इकडं बघतात, तिकडं बघतात, पुन्हा खाली. ओठ हलतात, आवाज नाही. उजव्या पायातली चप्पल काढतात. डावी काढायचं सुचत नाही...

शॉट चालूच राहतो.

“हे... हे आपण कधी घेतलं?”

“‘कट’च्या पुढं.”

शूटिंगवाल्यांची रीतच अशी. ‘कट’ म्हटलं की पुढचं सगळं केरात, कुणी बघायचंही नाही. आणि वस्तादांची खोड अशी, की ते आधी केरच उपसत.

इंद्रजितला ती दुपार आठवली. आबांनी सांगितल्याबरहुकूम छाती बडवून हंबरडा फोडला होता. कॅमेऱ्यावरच्या मित्रानं ‘कट’ म्हटलं होतं आणि तो कॅमेरा बंद करायला विसरला होता. खाली इंद्रजितला गंमत सुचली. कपारीखाली, वरून दिसू नये असा, नुसतं नाक पाण्याबाहेर ठेवून तो गप्प बसून राहिला. वर आला तेव्हा आबा दोन्ही चपला घालून उभे होते. “चल, चहा गार होतोय,” म्हणाले. एवढंच.

आबांना पोहता येत नाही.

“काढा हे!” इंद्रजित ताडकन उठला. “हा अभिनय नाही! त्यांना ठाऊकपण नव्हतं, कॅमेरा चालू आहे ते. चोरी आहे ही, वस्ताद! उद्या सगळं कॉलेज बघणार. आबा इस्त्रीचा सदरा घालून पुढच्या रांगेत बसणार. माझ्या बापाला असं चार लोकांत उघडं पाडायचा तुम्हाला काय अधिकार?”

“काही नाही.”

वस्तादांनी स्वतःची खुर्ची बाजूला ओढली आणि माऊस त्याच्याकडं सरकवला.

“काढ तूच. आणि तुझा हंबरडा लाव.”

इंद्रजितनं दात आवळून तो जुना शॉट शोधला, लावला. आबा छाती बडवत होते. जत्रेतल्या नाटकात राजा मेल्यावर बडवतात तशी. दोघांनी बघितलं. स्टुडिओत पुढं कुणीतरी पासपोर्ट फोटोसाठी केस विंचरत होतं, तो हंबरडा ऐकून त्याला हसू फुटलं.

इंद्रजितनं शॉट थांबवला.

मग चपलेचा शॉट पुन्हा पडद्यावर आणून ठेवला.

“आधी घरी दाखवतो आबांना,” अखेर तो म्हणाला. आवाजातला राग गेला नव्हता, फक्त कुणावर काढायचा ते ठरत नव्हतं. “ते हो म्हणाले तरच उद्या लावणार. आणि हे किती ताणलंय तुम्ही! माणसाचा जीव घ्याल. त्यांच्या शेजारी बसून एवढा वेळ... नाही बघवायचं मला. निम्मं करा.”

“मी कुठं ताणलंय? आहे तेवढंच आहे, एका जागी कात्री लावलेली नाही.” वस्तादांनी पडद्यावरच्या त्या एका चपलेकडं बघितलं. “निम्मं हवं होतं, तर निम्म्या वेळात वर यायचं होतंस.”